बार्शी लाईनच्या कडेनं आपली दिंडी



दिंडीला शंभर वर्षं झाली, अंकासाठी जुना इतिहास लिहा, असं मंडळींनी मला सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. आजोबा, वडील आणि जुने विणेकरी यांच्या तोंडून जे ऐकलं आणि पन्नास वर्षं स्वतः जे चाललो, त्यावर लिहितो. चुकलंमाकलं माऊलींनी पोटात घालावं.

हल्ली तरणी पोरं विचारतात, "महाराज, आता गाड्या झाल्या, पायी कशाला जायचं?" त्यांना वाटतं, जुन्या माणसांना गाडी नव्हती म्हणून ती चालत गेली. तसं नाही. आपली दिंडी १९२५ साली निघाली तेव्हा गाडी दाराशी होती.

बार्शी लाईट रेल्वे हे नाव जुन्या माणसांना ठाऊक आहे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. आधी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडीच्या टेसनाला बार्शी रोड म्हणत. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली पंढरपुराहून मिरजेला. कंपनी विलायतेची होती, १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती ताब्यात घेतली. म्हणजे आपल्या मूळ पुरुषांनी दिंडी काढली त्याच्या आधी एकोणीस वर्षं पंढरपूरला गाडी जात होती. येडशीला तिकीट काढलं की कुर्डुवाडीला गाडी धरून पंढरपूर गाठता येत होतं. तरी ते पायी निघाले.

पण त्यांनी गाडीला नावं ठेवली नाहीत. उलट वाट धरली ती गाडीच्याच कडेनं. येडशी, पांगरी, बार्शी, शेंद्री, कुर्डुवाडी, मोडनिंब, आष्टी आणि पंढरपूर. रुळाच्या बाजूनं बैलगाडीची चाकोरी आणि पायवाट होती. कधी ती शेताच्या बांधावरून जायची, कधी ओढ्यातून. याचं कारण वडील सांगायचे. टेसनावर प्यायला पाणी मिळायचं, इंजनाला लागायचं म्हणून मोठ्या टेसनावर टाकीही असायची. पाऊस आला तर आडोसा मिळायचा. आसपास दुकान असायचं, तिथं पीठ-मीठ मिळायचं. रुळ धरून चाललं की अंधारातही वाट चुकत नसे. बार्शीला मुक्काम भगवंताच्या देवळाजवळ आणि आष्टीला तलावाच्या बाजूला. आष्टीच्या तलावावर अंघोळ झाली की म्हातारी माणसंसुद्धा पोरासारखी चालायची.

गाडीचा आणखी एक उपयोग होता, तो सांगायसाठीच मी हे लिहायला घेतलं. कुणी आजारी पडलं, पाय सुजले, तर त्याला पुढच्या टेसनापर्यंत गाडीत बसवायचं. पण नियम असा की पुढच्याच टेसनाला उतरायचं आणि दिंडी येईपर्यंत तिथं थांबायचं. सरळ पंढरपूरला जायचं नाही. विणा मात्र गाडीत चढत नसे. विणेकरी थकला तर विणा दुसऱ्याच्या गळ्यात जायची, खाली ठेवायची नाही.

१९७२ साली मी लहान होतो. दुष्काळाचं साल. आषाढ आला तरी शेतात ओल नव्हती, वाटेतल्या विहिरी तळाला गेलेल्या. आईच्या दोन्ही तळव्यांना फोड आले आणि बार्शीला तिला पाऊल टेकवेना. विणेकरीबाबांनी तिला शेंद्रीपर्यंत गाडीत बसवलं, सोबत मला दिलं. शेंद्रीला उतरून आम्ही लिंबाखाली बसलो. ऊन चढलं, दिंडीचा पत्ता नाही. आई सारखी डोळ्याला पदर लावायची. मला म्हणाली, "माझी वारी मोडली रं."

दुपार कलल्यावर टाळ ऐकू आले. आई बाबांच्या पाया पडली आणि तेच बोलली. बाबा म्हणाले, "बाई, तू दिंडी सोडून पुढं गेलीस का? न्हाई. हितं थांबलीस. मग मोडली कशी?" एवढं बोलून ते अभंग म्हणत पुढं निघाले. आई लंगडत मागं निघाली.

पुढं २००० सालानंतर छोटी लाईन उखडली आणि मोठी टाकली, दोन रुळांत साडेपाच फूट अंतराची. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर झालं, २००८ साली बार्शीकडची बाजू झाली. मोठी गाडी वेगानं जाते, रुळाच्या कडेनं चालणं धोक्याचं. बऱ्याच ठिकाणी जुनी चाकोरी शेतात गेली. आपण डांबरी सडकेवर आलो. मागून ट्रक, पुढून ट्रक. म्हणून आता पहाटे लवकर निघतो आणि मागं लाल निशाण धरून माणूस ठेवतो.

आता माझी कबुली. गेल्या साली माझे गुडघे बसले. कुर्डुवाडीला पोरांनी मायेनं जीपमध्ये घातलं आणि थेट पंढरपूरला नेलं. दिंडीच्या आधी दोन दिवस मी मठात पोचलो. चांगलं जेवलो, पंख्याखाली झोपलो. पण दिंडी आली तेव्हा वेशीवर सामोरं जायला मला लाज वाटली. आई शेंद्रीला थांबली होती, मी मोडनिंबला थांबलो नाही. तेवढी वारी माझी मोडली असं मी धरतो. पोरांचा दोष नाही. नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, आणि सांगायचं काम माझं होतं.

म्हणून शताब्दीच्या साली मंडळींना हात जोडून विनंती आहे. हा नियम दिंडीच्या वहीत लिहून ठेवा. आजारी माऊलीला वाहनात जरूर बसवा, तिचे हाल करू नका. पण पुढच्या मुक्कामाला उतरवा, सोबत एक माणूस ठेवा, आणि दिंडी येईपर्यंत दोघांनी तिथंच थांबावं. यंदा माझे गुडघे चालले नाहीत तर मला मोडनिंबला उतरवा. मी लिंबाखाली बसून वाट बघीन.

रामकृष्ण हरी.