धुळ्याचा तुरुंग, दोन पुस्तकं आणि कॉपीलेफ्ट

पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, पुस्तक जुनं आहे ना, मग स्कॅन करून ग्रुपवर टाकलं तर काय बिघडलं?" याचं उत्तर आपल्या शिरपूरपासून फार लांब नाही, धुळ्याच्या तुरुंगात आहे.

१९३२ साली तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. अंमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजीही तिथेच कैदेत होते. त्यांनी ती प्रवचनं उतरवून घेतली, तेच 'गीता प्रवचने'. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली.

लेखणी एकाच माणसाची, पण हक्काची मुदत बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ ला सगळ्यांची झाली. 'गीता प्रवचने' विनोबांच्या नावावर आणि विनोबा गेले १९८२ मध्ये, म्हणजे तिथे २०४२ संपेपर्यंत थांबा. (१९५७ च्या कायद्यात मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांवरचा हक्क संपत आला, तेव्हा १९९२ मध्ये ती ६० केली. नाहीतर गुरुजी २००१ मध्येच मोकळे झाले असते!)

आता लक्ष द्या, कारण इथे बरेच जण गोंधळतात. मुदत संपणं म्हणजे कॉपीलेफ्ट नव्हे. मुदत संपलेल्या पुस्तकाला कुणी नवी प्रस्तावना, नवी चित्रं जोडली, तर त्या जोडकामावर त्याचा हक्क लागतो. कॉपीलेफ्टमध्ये हक्क शाबूत असतो, फक्त तो उलटा वापरायचा: घ्या, बदला, वाटा, पण बदललेलंही याच अटीवर द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सॉफ्टवेअरसाठी जीपीएल परवाना काढला तो असाच. मराठी विकिपीडियाचा मजकूरही अशाच अटीवर मिळतो. आणि हो, हक्क संपला म्हणून संदर्भ द्यायचा टळत नाही. ते वाङ्मयचौर्याचं प्रकरण वेगळं.

एमएस्सीला असताना एका जुन्या प्रबंधाच्या मूळ नोंदी मी मागितल्या होत्या. दोन मेल केले, उत्तर नाही. शेवटी तीच मोजमापं पुन्हा केली, पूर्ण उन्हाळा त्यात गेला. माझ्या नोंदींची फाईल आता तयार आहे, पहिल्या ओळीत परवाना लिहिलाय. गाईडची सही झाली की इथेच टाकतो.