मुक्या माशाची विचारपूस

केशवसुतांच्या मालगुंडात माशांच्या सुखदुःखावर व्याख्यान द्यावे, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. इथल्या पुष्कळ घरांतून मासळी रोज शिजते. बाजारात कल्ले उचलून पाहिले, बोटाने अंग दाबून पाहिले, की आपली परीक्षा संपली. पण ही परीक्षा मेलेल्या माशाची झाली. जिवंत मासा सुखात आहे की कष्टात, हे कसे ओळखावे? हा प्रश्न माणसाला केव्हा सुचला आणि त्याचे उत्तर त्याने कसकसे शोधले, त्याचा इतिहास आज आपणापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

माशाविषयीची करुणा आपल्या देशात नवी नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींच्या माशांना अभय दिले आहे आणि ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास बंदी घातली आहे. आपल्या कोकणात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील मासे देवीचे मानलेले असल्यामुळे त्यांना कोणी हात लावीत नाही. परंतु अभय देणे निराळे आणि विचारपूस करणे निराळे. अभय दिले की आपले काम संपते. जो मासा आपण पाळतो, त्याच्या बाबतीत तसे होत नाही.

पाळण्याची कलाही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणास कोणते खाद्य द्यावे, गळ कसा टाकावा, हे सारे त्यात येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. राजा माशांना प्रेमाने खाऊ घाली, ते पुढे गळाला लागावेत म्हणून. मत्स्यपालनातला हा पेच तेव्हापासून आजवर सुटलेला नाही.

आधुनिक काळात पहिले माप आले ते मोजदादीचे. बंगालच्या नद्यांतील रोहू, कटला, मृगळ यांची पिल्ले मातीच्या हंड्यांतून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत जात. वाटेत पाणी ढवळावे लागे, बदलावे लागे. मुक्कामाला पोचल्यावर जिवंत किती आणि मेली किती, एवढाच हिशेब होई. अनुभवाने लोक शहाणे झाले. प्रवासापूर्वी पिल्लांना काही काळ उपाशी ठेवले, तर ती पाणी घाण करीत नाहीत आणि अधिक जगतात, हे ध्यानात आले. पुढे प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पिट्युइटरी ग्रंथीचा अर्क टोचून रोहू जातीच्या कुळातील माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि बीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. मत्स्यशेती वाढली तशी तळ्यातली गर्दीही वाढली. रत्नागिरीत १९५८ साली सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघाले, मुंबईत १९६१ साली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८१ साली आपल्या शेजारी शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले.

दुसरे माप रक्ताचे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखविले की, इजा कोणतीही असो, थंडीची वा विषाची, शरीर तिला ठरावीक रीतीनेच तोंड देते. आज ज्याला आपण ‘ताण’ म्हणतो त्या कल्पनेचा हा उगम. मासाही त्याला अपवाद नाही. त्याला पकडले, कोंडले, पाण्यातील प्राणवायू कमी झाला, की काही क्षणांत अॅड्रिनलीन आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल त्याच्या रक्तात उतरते. मग साखर वाढते, क्षारांचा तोल ढळतो. असे दिवसेंदिवस चालले तर वाढ खुंटते आणि रोग बळावतात.

पण येथे गंमत अशी की, रक्त काढायचे तर मासा पकडावा लागतो, आणि पकडण्यानेच कॉर्टिसॉल वाढते! म्हणून रक्त झटपट काढावे लागते. आता संशोधक माशाला कमीतकमी धक्का लावून टाकीतल्या पाण्यात, शेवाळासारख्या बुळबुळीत अंगरसात किंवा खवल्यांत तो रस मोजू पाहतात. खवल्यात तर मागील बऱ्याच दिवसांची नोंद साठते. दुसरी अडचण याहून खोल आहे. भक्ष्य पाहून किंवा जोडीदार पाहूनही कॉर्टिसॉल चढते. उलट, फार काळ गांजलेल्या माशाचे अंगच थकते आणि आकडा खाली येतो. आकडा लहान म्हणून मासा सुखी, असे म्हणता येत नाही.

म्हणून तिसरे माप आले, ते वागणुकीचे. मासा खायला येतो का, कल्ले किती वेगाने हलतात, पर झिजले आहेत का, तो कळपात पोहतो की कोपऱ्यात पडतो, हे पाहावयाचे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत वेदनेची जाणीव घेणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. ओठांत आम्ल टोचलेले मासे ते ओठ तळच्या खड्यांवर घाशीत आणि बराच वेळ अन्नाला तोंड लावीत नसत. माशाच्या मेंदूची रचना पाहता ही खरी वेदना नव्हे, असे म्हणणारे पंडितही आहेत. वाद मिटलेला नाही. परंतु शंका असेल तेथे माणसाने दयेच्या बाजूला झुकावे, असे आम्हांस वाटते.

आपला कायदाही तिकडेच झुकतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. तीत मासा येतोच. अन्नासाठी मारण्याची मुभा तो देतो, पण विनाकारण यातना देण्याची देत नाही.

या तिन्ही मापांत एक गोष्ट समान आहे. त्यांची सुरुवात बहुधा धन्याच्या नुकसानीपासून झाली. पिल्ले मेली तेव्हा मोजदाद आली, वजन घटले तेव्हा रक्त तपासले गेले. धन्याचा लाभ आणि माशाचे सुख पुष्कळदा एकाच वाटेने चालतात. स्वच्छ पाणी आणि पुरेसा प्राणवायू दोघांनाही हवा. पण वाट फुटते तेथेच खरी कसोटी लागते. तळ्यात आणखी पिल्ले सोडली तर प्रत्येकाला जागा कमी पडते, तरी एकूण उत्पन्न वाढू शकते. पाण्याबाहेर तडफडत मरू देणे मालकाला फुकट पडते, तर एका घावात शुद्ध हरपवून मारायला माणूस, हत्यार आणि वेळ लागतो. अशा जागी हिशेबाची वही गप्प बसते. तेथे बोलायचे ते आपणच.

समुद्रातला मासा जाळ्यात येईपर्यंत आपल्या मर्जीने जगतो. पाळलेला मासा अंड्यापासून अंतापर्यंत आपल्या ओंजळीत असतो. मासे खाऊ नका, असे सांगण्यास आम्ही येथे आलेलो नाही. पुढच्या बाजारी तळ्यातला मासा घेताना कल्ले उचलून पाहालच. तेव्हा विकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा: हा जगला कसा आणि मेला कसा? विचारणारे वाढले, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही तळ्याकडे निराळ्या नजरेने पाहावे लागेल.