खुलताबाद–कराची : अंतर व विमानप्रवास

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद आणि पाकिस्तानातील कराची यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,००० किमी. आहे. खुलताबादहून दिल्लीही साधारण इतकीच दूर.

खुलताबादला सर्वांत जवळचा विमानतळ चिकलठाण्याचा. दौलताबादचा घाट उतरून आणि छत्रपती संभाजीनगर शहर ओलांडून तो सुमारे ३५ किमी. पडतो. तेथून विमानाने मुंबई तासाभराची. गाडीने जाणारे आता समृद्धी महामार्ग धरतात. मुंबई–कराची हा टप्पा सुमारे ८७५ किमी.चा, म्हणजे मुंबई–दिल्लीपेक्षाही लहान. थेट विमान होते तेव्हा दीड तास लागे. कराचीचे घड्याळ अर्धा तास मागे असल्याने मुंबईहून नऊला निघालेला प्रवासी तेथील दहाच्या सुमारास उतरे.

भारतीय नागरी विमानवाहतुकीची सुरुवात याच मार्गावर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पुस मॉथ’ जातीच्या एकइंजिनी विमानात टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यात होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे मुंबईकराला कराची आपल्याच इलाख्यातली आणि खुलताबाद मात्र निजामाच्या राज्यातले, असा आज विचित्र वाटणारा हिशेब होता. कराचीत मराठी वस्तीही चांगली होती. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तेथे अजून आहे.

फाळणीनंतर, विशेषतः निजामाच्या राज्यावरील सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबे कराचीत गेली. १९६५ च्या युद्धापर्यंत मुंबई–कराची आगबोटही चाले. पुढे नातेवाइकांच्या भेटी व्हिसावर अवलंबून राहिल्या, आणि हा व्हिसा देशाचा नसून ठरावीक शहरांचा असतो. बुऱ्हाणुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी या सूफी संतांच्या दर्ग्यांमुळे खुलताबादला दूरदूरचे भाविक येतात. मात्र १९७४ च्या भारत–पाकिस्तान यात्रा करारात अजमेर, दिल्ली, सिरहिंद व कलियर येथील दर्गे आहेत, खुलताबाद नाही. दक्षिणेतील इतक्या मोठ्या सूफी केंद्राला वगळणे ही उणीवच म्हटली पाहिजे.

थेट सेवा कित्येक वर्षे बंद आहे. दुबईमार्गे गेल्यास मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–कराची सुमारे १,१९० किमी., म्हणजे ८७५ च्या जागी ३,१०० किमी.हून अधिक उड्डाण होते. हवेतलेच पाच तास जातात. दुबईतला मुक्काम वेगळा. नकाशावरचे अंतर म्हणूनच येथे फारसे उपयोगाचे नाही. पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, अटारी–वाघा मार्ग बंद झाला आणि भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसासेवा स्थगित केली.