माती कुणाची, मेर कुणाची?

आज आपण मातीबद्दल बोलणार आहोत. माती म्हटली की शेतीखात्याचा माणूस डोळ्यांसमोर येतो, माती परीक्षणाची पिशवी येते. पण आज थोडा इतिहास सांगायचा आहे. तो आम्हाला पुस्तकातून आधी कळला नाही. आमच्या गटात भांडण झालं, तेव्हा तो शोधावा लागला.

झालं असं. आम्ही दहाजणींनी गटाच्या कर्जातून अर्धा एकर भरड जमीन हळदीसाठी घेतली. अकरा महिन्यांच्या बोलीवर. जमीन उताराची, बरीच वर्षं पडीक. आम्ही झुडपं काढली, पालापाचोळा गोळा करून जाळला, पॉवर टिलर आणला. टिलरवाल्याला वरून खाली चालवणं सोपं जात होतं, म्हणून सऱ्याही वरून खाली पडल्या. आम्ही बघत होतो, पण कुणी काही बोललं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सऱ्यांचे व्हाळ झालेले. हळदीचे कोंब उघडे पडलेले. आणि आमची माती गेली कुठे? खालच्या कुणग्यात. तो कुणगा आमच्याच गटातल्या एका काकींचा. त्यांचा तरवा आमच्या लाल चिखलाखाली गाडला गेला होता. त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. कर्जाचा हप्ता तर डोक्यावर होताच.

तेव्हा एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला सुनावलं, "पाणी फुडल्या वर्षी येतला. माती येवची नाय." आणि विचारलं, "मेर घातल्यात काय?" मेर आम्ही घातली नव्हती. अकरा महिन्यांच्या जमिनीला मेर कोण घालतो?

मैत्रिणींनो, आपल्या कोकणच्या मातीचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

आपल्या सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. वर डोंगर आणि कातळाचे सडे, खाली व्हाळ, मग खाडी, मग समुद्र. अंतर थोडं आणि उतार मोठा. जांभ्या दगडावरचा मातीचा थर पातळ. झाडाचं पान, गवताचं मूळ आणि माणसाने घातलेली मेर, एवढ्याच तीन गोष्टी त्या मातीला धरून ठेवतात.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. डोंगरउतारावर ती नाचणी, वरी, हरीक घेत. रान तोडून, भाजून, दोनतीन वर्षं पीक काढून ती जागा सोडून देत. मग काही वर्षं तिथे रान वाढू देत. सखल भागात भाताचे कुणगे पायऱ्यांसारखे रचलेले. वरच्या कुणग्यातून निसटलेली माती खालच्या मेरेला अडकायची. देवराहाटीत तर कुणी कोयता लावत नसे.

मग हे मोडलं कसं?

मालवण १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेलं आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात आलं. १८२० च्या दशकात तिथे डनलॉप नावाचे कलेक्टर होते. त्यांनी विचार केला की झाडं लोकांच्या मालकीची केली, तर लोक ती जपतील. म्हणून सरकारने झाडांवरचा आपला हक्क सोडून दिला. विचार वाईट नव्हता. पण मुंबई वाढत होती. तिला सरपण हवं होतं, लाकूड हवं होतं, आणि आपल्या किनाऱ्यावरून गलबतं मुंबईला जातच होती. ज्याच्या हाती झाड आलं त्याने ते विकलं. डोंगर उघडे पडत गेले.

१८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. हा वनस्पतींचा जाणकार माणूस, पुण्याजवळच्या दापुडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. त्यांनी सरकारला बजावलं की डोंगरावरची झाडी गेली की डोंगराची माती खाड्यांमध्ये उतरते आणि बंदरं गाळाने भरतात. राजापूरचंच बघा. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती, व्यापार जोरात होता. एकोणिसाव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबतं शहरापर्यंत येईनाशी झाली. बंदरं मागे पडायला आगबोटी, रस्ते अशी इतर कारणंही होती. पण खाडीत साचलेला गाळ कुणाच्या तरी वरकस जमिनीची माती होती, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे नुसती मालकी दिली म्हणून माती वाचली नाही. आता दुसरी बाजू बघू. ज्याच्याकडे मालकी नव्हती, त्याने काय केलं?

रत्नागिरी जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खोती होती. जमीन कसणारा वेगळा, आणि पीक वाटून नेणारा खोत वेगळा. उद्या जमीन आपल्याकडे राहील की नाही, हे कुळाला माहीत नसायचं. असा माणूस डोक्यावरून दगड वाहून गडगा कशाला रचेल? आणि पोट भरायचं असेल तर डोंगराला विश्रांती तरी कशी देईल? माणसं वाढली तसं रान सोडायची वर्षं कमी झाली. दरवर्षी तोच उतार, तीच नाचणी आणि दर पावसात थोडी कमी माती. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. आपण तो कुळांच्या हक्काचा कायदा म्हणून ओळखतो. आमच्या मते तो मातीचाही कायदा होता.

महात्मा फुल्यांनी तर १८८३ मध्येच 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मातीचं दुखणं मांडलं होतं. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेणमूत पावसाबरोबर शेतात उतरायचं, त्याचं खत व्हायचं. ते सत्त्व आता वाहून जातं, असं त्यांचं म्हणणं. सरकारने आपल्या लष्करातल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून ताली, बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जाईल, असं त्यांनी सुचवलं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. बंदुकीपेक्षा कुदळ बरी, हे आजही पटतं की नाही?

पुढे १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीची सरकारी कामं सुरू झाली. पण त्यांचा भर होता घाटावर, सोलापूरसारख्या दुष्काळी भागात. तिथे पाणी थेंबथेंब अडवायचं. आपल्याकडे पाणी अडवून धरलं तर मेरच फुटते. आपल्याला माती अडवायची आणि जादा पाण्याला शिस्तीने वाट करून द्यायची. म्हणून जुन्या कुणग्यांना एका कोपऱ्यात दगड लावून पाण्याची वाट ठेवलेली असते. ती बांधणारे इंजिनीअर नव्हते. त्यात आपल्याच आज्या-पणज्या होत्या.

कारण पुरुष मुंबईला. गिरणीत, गोदीत, बोटीवर. मनीऑर्डर यायची, पण पावसात फुटलेली मेर मनीऑर्डरीने बांधली जात नाही. चिखलात उभं राहून ती बायकांनी बांधली. सातबारावर मात्र त्यांचं नाव नव्हतं. शेतीच्या इतिहासात कलेक्टरचं नाव सापडतं, खोताचं सापडतं. मेर बांधणारीचं सापडत नाही.

नंतर १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या. आंबा आणि काजू डोंगरावर चढले. पैसा आला, उघड्या उतारांना झाडं मिळाली, हे चांगलंच झालं. पण जिथे जेसीबीने उतार सपाट केला आणि झाडाखालचं गवत मुळापासून काढलं, तिथे लाल पाणी पुन्हा खाली येऊ लागलं.

किती माती जाते म्हणता? १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशाचा हिशोब मांडला. दर हेक्टरी दरवर्षी सरासरी १६ टनांहून जास्त माती जागची हलते. आपल्या मापात सांगायचं तर एका गुंठ्यातून दीडशे किलोहून अधिक, म्हणजे युरियाच्या तीन गोण्यांहून जास्त. ही देशाची सरासरी. त्यातली साधारण २९ टक्के माती कायमची समुद्रात जाते. आणि नवीन इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

हे सगळं ऐकून मन खचतं. म्हणून आम्ही गटाची एक बैठक धामापूरच्या तळ्यावर घेतली. आपल्याच मालवण तालुक्यातलं तळं. दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून ते १५३० मध्ये बांधलं, असं सांगतात. काठाला भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. जवळजवळ पाचशे वर्षं झाली आणि तळ्यात अजून पाणी आहे. आम्ही काठावर बसून वर बघितलं. दोन्ही डोंगर झाडीने भरलेले. खाड्या दोनशे वर्षांत गाळाने भरल्या आणि हे तळं पाचशे वर्षं टिकलं, यातला मोठा फरक त्या झाडीत आहे. ती झाडी, तो बांध, ते पाणी कुणा एकाने राखलं नाही. गावाने राखलं.

त्या दिवशी काकीही आल्या होत्या. तिथेच बोलणं झालं.

आम्ही ठरवलं ते असं. पहिली गोष्ट, जमीनमालकाकडे गेलो आणि अकरा महिन्यांऐवजी पाच वर्षांचा लेखी करार मागितला. मेर आम्ही घालू, दगड तुमच्या जागेतले, असं सांगितलं. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा हो म्हणाले. दुसरी गोष्ट, उताराला आडवे तीन गडगे रचले, जांभ्या दगडाचे, आणि त्यांच्या कडेने गिरिपुष्पाच्या काठ्या खोवल्या. त्याचा पाला खताला होतो, मुळं माती धरतात. तिसरी, सऱ्या आडव्या. टिलरवाला कुरकुरला, म्हणून त्याला शंभर रुपये जास्त दिले. चौथी, पाला जाळायचा नाही, हळदीवर पसरायचा. आणि पाचवी, काकींच्या कुणग्याची फुटलेली मेर आम्ही दहाजणींनी मिळून बांधली. ते काम करारात नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये आम्ही एक सोपी परीक्षा घेतली. तुम्हीही घ्या. जोराचा पाऊस पडत असताना शेतातून बाहेर पडणारं पाणी काचेच्या बाटलीत भरा. रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी किती गाळ बसला ते बघा. बोटभर गाळ असेल तर तुमचं शेत खाडीच्या वाटेला लागलंय. आमच्या बाटलीत तेव्हाही गाळ होता, पण नखाएवढा. कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. हप्ता मात्र चुकलेला नाही.

शेवटी एक विनंती. १९९२ मध्ये शासनाने लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक काढलं. त्यानुसार नवरा आपल्या जमिनीच्या सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. तलाठ्याकडे जाऊन चौकशी करा. आणि पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी एकमेकींना विचारा, की माझं पाणी कुणाच्या शेतात उतरतं? कुणाचं माझ्या शेतात येतं? नुसती मालकी पुरली नाही आणि मालकी नसतानाही माती वाचली नाही, हे इतिहासात दिसतं. वरच्या बाईने आणि खालच्या बाईने मिळून मेर बांधली, तरच ती टिकते. पावसाला अजून वेळ आहे, तोवर मेर बघून घ्या.