तोड्याची बंदूक : स्वस्त शस्त्राचा हिशेब

(१)
१० ऑगस्ट १७६३. स्थळ राक्षसभुवन, आजचा बीड जिल्हा. भर पावसाळा आणि गोदावरीला पूर. निजामअलीची फौज नदी ओलांडून औरंगाबादेकडे निघाली होती. काही फौज पलीकडे पोहोचली होती आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावरच होता. अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांच्या फौजांनी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुरापलीकडच्या निजामाला काहीच करता आले नाही.

(२)
या लढाईची चर्चा नेहमी डावपेचांभोवती फिरते. त्या काळच्या सामान्य शिपायाच्या खांद्यावर कोणती बंदूक होती, हा प्रश्न मागे राहतो. युरोपातील सैन्यांनी चकमकीची बंदूक स्वीकारून तोवर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. दख्खनमध्ये मात्र जळत्या दोरीने पेटणारी, म्हणजे तोड्याची बंदूकच सर्रास वापरात होती. याचे कारण म्हणून 'मागासलेपण' हा शब्द सहज वापरला जातो. बंदुकीचा एकेक भाग तपासला, तर कारण वेगळे दिसते.

(३)
पहिला मुद्दा पैशाचा. शिवकालीन पायदळाविषयी ग्रँट डफ लिहितो की शस्त्र ज्याचे त्याने आणायचे आणि दारूगोळा तेवढा सरकारने द्यायचा. घोडदळातील शिलेदारही स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊनच चाकरीस येई. म्हणजे बंदुकीची निवड दरबारात होत नसे. ती शिपायाच्या कनवटीला असलेल्या पैशावर आणि जवळपासच्या कारागिराच्या कसबावर ठरत असे.

(४)
सर्वांत महत्त्वाचा भाग नळी. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने नळी घडवण्याच्या पद्धतींचे वर्णन केले आहे. जुन्या रीतीत लोखंडाचा पत्रा वाकवून त्याच्या कडा सांधत. अशी नळी जास्त दारू भरली की फुटे. सुधारलेल्या रीतीत पट्टी कागदाच्या सुरळीसारखी तिरकी गुंडाळून, थरावर थर चढवून जोडत. सांधा तिरका आणि थरांचा असल्याने स्फोटाचा ताण एकाच रेषेवर येत नसे. नांगराचा फाळ घडवणारा प्रत्येक लोहार हे काम करू शकत नव्हता. म्हणूनच बंदुकीची खरी किंमत नळीत असे. बाकीचे भाग बदलता येत, नळीवर मात्र शिपायाचा जीव अवलंबून असे.

(५)
दुसरा भाग चापाचा, आणि दोन प्रकारच्या बंदुकांतला खरा फरक येथेच आहे. चकमकीच्या बंदुकीला नीट पाणी दिलेली पोलादी कमान लागते, गारगोटी घट्ट धरणारा घोडा लागतो आणि ठिणगी पाडणारा कठीण पोलादी पत्रा लागतो. कमान मऊ राहिली की ठिणगी पडत नाही. फाजील कडक झाली की ती मोडते. तोड्याच्या बंदुकीत मुख्यतः एक वाकडी कांब असते. चाप ओढला की तिच्या टोकाला अडकवलेला पेटता तोडा रंजकावर टेकतो. ही कांब मोडली तर मोहिमेच्या वाटेवरचा लोहारही दुसरी करून देऊ शके.

(६)
गारगोटीचाही प्रश्न होता. इंग्रज कंपनीच्या पलटणींसाठी गारगोट्या विलायतेहून जहाजाने येत. तोडा म्हणजे सुती दोर, आणि कापूस दख्खनमध्ये घरचाच. खर्चाचा हिशेब केवळ बंदुकीच्या किमतीपाशी थांबत नाही. ती वर्षभर चालवायला काय लागते, हेही त्यात धरावे लागते.

(७)
तिसरा भाग दस्त्याचा. नळी लाकडी दस्त्यावर पितळी पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली असे. बांधणी सोडली की नळी मोकळी होई. त्यामुळे एका पिढीची नळी पुढच्या पिढीत नव्या दस्त्यावर चढवता येई. आज संग्रहालयांत अशा 'मिश्र' बंदुका दिसतात. नळी जुनी आणि दस्ता नंतरचा.

(८)
आता नेम साधण्याची सोय पाहू. नळीच्या तोंडाशी असलेल्या लहान उंचवट्याला मराठीत 'माशी' म्हणतात. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकांवर पुष्कळदा माशीबरोबरच मागच्या बाजूला खाच किंवा छिद्र असलेली उभी पट्टीही असे. इंग्रजांच्या 'ब्राउन बेस' बंदुकीला अशी मागची पट्टी नव्हती. पुढचा खुंटही मुख्यतः संगीन अडकवण्याच्या उपयोगाचा. स्वस्त बंदुकीला नेमाची सोय आणि महागड्या बंदुकीला नाही, असे का?

(९)
कारण दोन्ही शस्त्रांचे काम वेगळे होते. कंपनीची पलटण रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राही आणि हुकमासरशी एकदम बार काढी. तिथे एकेकट्याच्या नेमापेक्षा वेगाला महत्त्व होते. दख्खनचा बंदूकधारी मात्र बुरुजाच्या जंगीतून, खडकाआडून किंवा झाडीतून एकेक लक्ष्य टिपत असे. त्याला लांब नळी आणि शिस्त धरण्याची सोय हवी होती. 'शिस्त' या शब्दाचा जुन्या मराठीतला एक अर्थच 'नेम' असा आहे.

(१०)
या निवडीची किंमतही मोजावी लागली. तोडा सतत जळत ठेवावा लागे, म्हणून दारू बाळगणाऱ्या माणसांना एकमेकांपासून अंतर राखून उभे राहावे लागे. दाट रांग बांधता येत नसे आणि बार भरायला वेळ जाई. पावसाळी हंगामात तोडा नि रंजक कोरडे ठेवणे हे मोठेच काम होते. अंधारात पेटता तोडा ठिकाण उघडे करी. शिवकालात दर दहा माणसांमागे एकाजवळ बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे आणि रात्रीच्या छाप्यात त्याचा उपयोग होई, ही ग्रँट डफचीच नोंद. बंदुकीच्या युगातही बाणाचे काम संपले नव्हते.

(११)
कवायती फौजांशी गाठ पडल्यावर हिशेब बदलला. महादजी शिंदे यांच्या सेवेतील द बॉइन याच्यासाठी सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर १७९०च्या सुमारास आग्र्याच्या कारखान्यात चकमकीच्या बंदुका तयार करीत होता. एका बंदुकीचा खर्च दहा रुपये पडे. चकमकीची बंदूक देशी कारागिरांना अशक्य होती, हा समज या एका आकड्याने गळून पडतो. अडचण हातातल्या कौशल्याची नव्हती. पोलाद, कारागीर, साचे आणि नियमित पगार एका छताखाली आणणारा कारखाना हवा होता. एकट्या शिपायाला ते परवडणारे नव्हते. ते फक्त राज्यसत्ता करू शकत होती.

(१२)
राक्षसभुवननंतर बत्तीस वर्षांनी, ११ मार्च १७९५ रोजी, मराठे आणि निजाम खर्ड्याला भिडले. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात, बीडच्या सीमेलगत आहे. या वेळी निजामाकडे रेमंडच्या कवायती पलटणी होत्या आणि शिंद्यांकडे पेराँच्या. हैदराबादेत तोफा-बंदुकांचा कारखाना उभा राहिला होता. त्या भागाला आजही 'गनफाउंड्री' म्हणतात. तरीही तोड्याची बंदूक हद्दपार झाली नाही. शिंद्यांच्या कवायती फौजेतल्या नजीब पलटणींकडेही तीच होती.

(१३)
तेव्हा तोड्याची बंदूक टिकली ती अज्ञानामुळे नव्हे. जिथे शस्त्राचा खर्च शिपायाच्या माथी होता, तिथे दुरुस्त होणारे, घरच्या सामग्रीवर चालणारे आणि नेम धरू देणारे हत्यार हीच शहाणपणाची निवड होती. प्रत्येक शिपायाने स्वतःपुरता हिशेब बरोबर मांडला. राज्याचा हिशेब मात्र वेगळा असायला हवा होता, आणि तो मांडायला उशीर झाला.

(१४)
पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात किंवा अन्यत्र अशी बंदूक दिसली, तर दस्त्यावरच्या नक्षीपाशीच थांबू नये. नळी कशाने बांधली आहे, मागची खाच आहे की नाही, कांब किती साधी आहे, हे पाहावे. ते हत्यार कोणाच्या ऐपतीतून उभे राहिले, याचे उत्तर तिथे मिळते.