निकेलची क्षणिक मैत्री

मराठवाड्यांत, कुंभार पिंपळगावच्या बाजूस, करडईचें तेल घरोघरचें. तें थंडींतही पातळ राहतें, कारण त्याच्या रेणूंत कर्बाचे दुहेरी बंध पुष्कळ. त्यांत हायड्रोजन शिरला कीं तेल गोठूं लागतें. पण या कामीं मध्यस्थ लागतो, आणि तो म्हणजे निकेलची भुकटी.

हा मध्यस्थ फ्रान्समधील तुलूजचे प्राध्यापक पोल सबातिए (१८५४–१९४१) यांनीं शोधला. १८९७ सालीं त्यांनीं व सेंदेराँस या धर्मोपदेशकानें इथिलीन व हायड्रोजन तापलेल्या निकेलवरून नेले, तों इथेन तयार झाला. पुढें बेंझीनसारखा हट्टी पदार्थही वळला. १९१२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा त्यांस मिळाला. पॅरिसचें बोलावणें आलें असतांही ते तुलूज सोडून गेले नाहींत. आडगांवच्या कॉलेजांत जन्म काढणाऱ्या आम्हांस हें वाचून अंमळ बरें वाटतें.

धातूच्या छिद्रांत वायु दाबले जाऊन संयोग पावतात, ही तेव्हांची रूढ समजूत. सबातिए म्हणत, तसें नव्हे; निकेल हायड्रोजनाशीं क्षणभर खरोखरच जोडलें जातें आणि लगेच त्यास सोडतें.

१९०१ सालीं जर्मनींत विल्हेल्म नोर्मान यांनीं हीच क्रिया तेलावर केली. मुंबईस शिवडीच्या कारखान्यांत १९३२ पासून वनस्पति तूप निघूं लागलें; १९३७ सालीं ‘डालडा’ बाजारांत आला. मग जो वाद माजला तो मुख्यतः भेसळीचा. पुढें वनस्पतींत शेंकडा ५ तिळाचें तेल घालण्याची सक्ति झाली; फर्फ्युरल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या योगें तें लाल होतें, आणि साजुक म्हणून विकलेलें खोटें तूप उघडें पडतें. युक्ति नामी खरी, पण तिनें फक्त दुकानदाराची लबाडी पकडली.

पदार्थांतला दोष सबातिए यांच्याच सिद्धांतांत दडलेला होता. अर्धवट जोडणी होऊन हायड्रोजन परत सुटला, तर दुहेरी बंध पुन्हा जुळतो खरा, पण पुष्कळदां मुळांतला वांकडा रेणु सरळ होऊन बसतो. हाच ट्रान्स मेद. त्यानें रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढतें व हितकर घटतें, हें नेदरलंडच्या मेन्सिंक व काटान यांनीं १९९० सालीं दाखविलें. नोर्मान यांच्या प्रयोगास तोंवर ८९ वर्षें झालीं होतीं. भारतांत तेल व वनस्पति यांतील या मेदाची मर्यादा शेंकडा २ वर आली ती १ जानेवारी २०२२ रोजीं.