व्हेंडोम थिएटर, शिकागो

जानेवारी १९२०. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर बोचरा वारा सुटलाय आणि तुम्ही व्हेंडोम थिएटरच्या दारातल्या गर्दीत उभे आहात. आजूबाजूला कृष्णवर्णीय प्रेक्षक: कत्तलखान्यातले मजूर, रेल्वेतले पोर्टर, ठेवणीतले कपडे घालून आलेल्या बायका. सहा महिन्यांपूर्वी याच शहरात वर्णद्वेषाची दंगल पेटली. ३८ माणसं गेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय. म्हणून इथे लागलेल्या चित्रपटाची धास्ती: पुन्हा दंगल पेटली तर? सेन्सॉरने आधी अडवला, मग काटछाट करून सोडला.

आत एर्स्किन टेटचा वाद्यवृंद वाजतोय. पडद्यावर 'विदिन अवर गेट्स'. शेवटाकडे कथा भूतकाळात शिरते. नायिका सिल्व्हियाला वाढवणाऱ्या नवराबायकोला गोऱ्यांचा जमाव फासावर चढवतो. त्याच वेळी एका खोलीत एक गोरा पुरुष सिल्व्हियावर झडप घालतो. एकदा जमाव, एकदा ती खोली, पुन्हा जमाव. तिच्या छातीवरचा व्रण त्याला दिसतो आणि कळतं, ही आपलीच मुलगी. तुमची मूठ आवळली जाते. पाच वर्षांपूर्वी दिग्दर्शक ग्रिफिथने 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये याच पद्धतीने दृश्यं जोडून कृष्णवर्णीयांना हल्लेखोर आणि वर्णद्वेषी कू क्लक्स क्लानला तारणहार ठरवलं होतं. खरा हल्लेखोर कोण, ते इथे दिसतं.

दिग्दर्शक ऑस्कर मिशो ३६ वर्षांचा आहे. पुलमन रेल्वेगाड्यांवर पोर्टर होता, मग साउथ डकोटात शेतकरी, मग स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकणारा लेखक. एका कंपनीने त्याची कादंबरी चित्रपटासाठी मागितली, पण दिग्दर्शन मीच करणार, हा त्याचा हट्ट तिला मानवला नाही. मग त्याने स्वतःची कंपनी काढली, शेतकऱ्यांना शेअर विकले आणि १९१९ मध्ये 'द होमस्टेडर' पडद्यावर आणला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढेही पैसा कायम अपुरा. त्याच्या चित्रपटांतला ओबडधोबडपणा तिथून येतो, आणि मला तो कधीच खुपला नाही.

१९५१ मध्ये तो वारला. चाळीसेक चित्रपटांपैकी बहुतेक हरवले. आज तुम्ही पाहिलेल्या चित्रपटाची एकच प्रत १९७०च्या दशकात स्पेनमध्ये सापडली, 'ला नेग्रा' नावाने. मूकपटातल्या संवादांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये होत्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या पुन्हा इंग्रजीत आणून १९९३ मध्ये चित्रपट उभा केला. मधला एक प्रसंग मात्र मिळालाच नाही. त्या जागी पाटी येते. आता हा चित्रपट इंटरनेटवर मोफत पाहता येतो. जरूर पाहा.